सांगितले खरे, पण समजले काय?

जव्हार तालुक्यातील साखरशेत आणि त्याच्या आसपासचे पाडे येथे ऐन आषाढात जाण्याचा प्रसंग ज्या कार्यकर्त्यावर आला असेल, त्यास तेथील कामाच्या अडचणी विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पाऊस कोसळत असतो, ओहोळ दुथडी भरून वाहत असतात आणि पाड्यावरील धडधाकट माणसे भाताच्या आवणीस गेलेली असतात. घरी राहतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या हवाली केलेली लेकरे. अशा वेळी कार्यकर्ता एखाद्या ओसरीवर चार माणसे जमवितो, हगवण, पिण्याचे पाणी, बाळाचा आहार यांविषयी माहिती सांगतो आणि परत आल्यावर नोंदवहीत लिहितो, 'माहिती दिली'. ही नोंद खोटी नसते. परंतु ती सांगणाऱ्याची नोंद असते, ऐकणाऱ्याची नव्हे. ओसरीवर बसलेल्या आजीने त्यातले काय घेतले, संध्याकाळी चिखलातून परतलेल्या सुनेस तिने काय सांगितले आणि त्याच रात्री मूल जुलाबाने कोमेजू लागले तेव्हा त्या घराने काय केले, हे त्या वहीत कोठेही सापडत नाही.

या न सापडणाऱ्या गोष्टीचा शोध घेणारी एक शाखा गेल्या काही दशकांत वैद्यकाच्या जोडीने वाढली आहे. माणसे आरोग्याच्या बाबतीत जे वागतात ते तसे का वागतात, मिळालेली माहिती त्यांना कितपत उमगते आणि उमगलेले आचरणात आणण्याची त्यांची किती शक्ती असते, याचा अभ्यास ही शाखा रुग्णालयात बसून नव्हे तर गावात व वस्तीत जाऊन करते. यातील उमजण्याच्या व वापरण्याच्या पात्रतेस आरोग्यसाक्षरता असे म्हणतात. अक्षरओळखीशी तिचा संबंध आहे, पण ती म्हणजे अक्षरओळख नव्हे. पाटीवर कधी रेघ न ओढलेली बाई तापलेल्या मुलाचा श्वास पाहून योग्य वेळी दवाखान्याची वाट धरू शकते. आणि शहरातील पदवीधर औषधाच्या गोळ्या दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच टाकून देतो.

जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत हा विषय पुस्तकी राहात नाही. मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील हा डोंगराळ टापू २०१४ सालापर्यंत ठाणे जिल्ह्यात होता व आता पालघर जिल्ह्यात आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमाती येथे राहतात. भात, नागली, वरई व उडीद ही त्यांची पिके. १९९२-९३ साली याच तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि साऱ्या राज्याचे लक्ष इकडे वळले. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंमुळे तीच चर्चा पुन्हा झाली. मधल्या काळात योजना आल्या नाहीत असे नाही. अंगणवाड्या वाढल्या, २००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या, २०१५ साली गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. साखरशेत येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि जव्हारला उपजिल्हा रुग्णालय आहे. तथापि सोय उभी राहणे आणि ती सोय आपली वाटून माणसाने वेळेवर तिचा उपयोग करणे, या दोहोंमध्ये जे अंतर पडते ते सिमेंट-विटांनी बुजत नाही.

हे अंतर मोजण्याचा सर्वांत मोठा व आमच्या मते सर्वांत बोधप्रद प्रयत्न शेजारच्या बांगलादेशात झाला. तो येथे थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्यात गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या उपयोगाचे बरेच आहे.

हगवणीत मूल मरते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ते पाणी तोंडावाटे भरून काढता येते हे १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे कॉलऱ्याच्या रुग्णांवर दाखवून दिले होते. पुढे ब्रॅक या बांगलादेशी संस्थेने ठरविले की हे ज्ञान पुडीवाटे नव्हे, तर आईच्या हातावाटे घरोघर पोचवावयाचे: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९७९ मध्ये चाचणी झाली, १९८० पासून कार्यकर्त्या घरोघर फिरू लागल्या आणि दहा वर्षांत एक कोटी वीस लक्षांहून अधिक घरांतील मातांना त्यांनी हे द्रावण करण्यास शिकविले. आकडा मोठा आहे. परंतु त्याहून लक्षात घेण्याजोगी आहे ती कार्यकर्तीच्या वेतनाची रीत. शिकवून झाल्यावर सुमारे महिन्याने दुसरीच व्यक्ती त्यांतील काही घरे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथे जाई. शिकविलेल्यांपैकी किती मुद्दे आईस आठवतात हे विचारी, तिच्याकडून द्रावण करून घेई आणि त्यातील क्षाराचे प्रमाण तपासून घेई. आईस जितके आठवले असेल व जमले असेल, त्या मानाने कार्यकर्तीस मेहनताना मिळे. किती घरे फिरली, किती सभा घेतल्या याला किंमत नव्हती. आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी आणावी असे आमचे म्हणणे नाही. पण या एका अटीने कार्यकर्तीचे लक्ष स्वतःच्या तोंडावरून आईच्या हाताकडे वळले, हे नाकारता येत नाही.

यापुढचा भाग अधिक शिकविणारा आहे. मातांना द्रावण उत्तम करता येऊ लागले, तरी प्रत्यक्ष हगवणीच्या वेळी ते देणाऱ्या घरांची संख्या प्रारंभी फारच थोडी आढळली. शोध घेता दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली गोष्ट शब्दांची. ज्याला डॉक्टर एकच रोग म्हणत होते त्याला खेड्यातील मातांजवळ चार नावे होती: अंगावर पिणाऱ्या बाळाची दुध हागा, खाण्यातून झालेले अजीर्ण, आव पडणारा आमाशा आणि पाण्यासारखे जोराचे जुलाब होणारा डायरिया. कार्यकर्त्यांनी 'डायरिया' म्हणून सांगितलेले द्रावण मातांनी प्रामाणिकपणे त्या चौथ्या प्रकारासाठीच राखून ठेवले होते, आणि तो प्रकार तर क्वचितच होई. दुसरी गोष्ट श्रद्धेची. खुद्द कार्यकर्त्यांचाच या मिठागुळाच्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी जुलाब झाले की त्याही गोळ्याच आणीत. तेव्हा त्यांना नेऊन हे पाणी अंगात कसे काम करते ते दाखविण्यात आले, लोकांसमोर त्यांनी ते स्वतः पिऊन दाखवावे असे ठरले आणि आतापर्यंत दूर राहिलेल्या पुरुषांशी बाजारात, शाळेत व मशिदीत बोलणे सुरू झाले. नंतर वापर वाढला.

आता आपल्याकडे पाहावे. जुलाब, हगवण, ढाळ, आव आणि दात येताना होणारे जुलाब हे सारे एकच, असे आपल्या पाड्यावरील आजी मानते काय? दात येताना जुलाब व्हावयाचेच, ते थांबवू नयेत, ही समजूत तर मराठी मुलखात सर्वत्र आहे, आणि शहरातील घरेही तीस अपवाद नाहीत. ज्या कार्यकर्त्याने ही विचारपूस न करता क्षारसंजीवनीची पुडी हाती ठेवली, त्याची पुडी फडताळात पडून राहिली तर दोष कोणाचा?

पुडीवरून आणखी एक साधी बाब. ती एक लिटर पाण्यात घालावयाची असते. घरात हंडा आहे, तांब्या आहे, पेला आहे; लिटर नाही. पाणी कमी पडले तर क्षार जास्त होऊन मुलास अपाय होतो, जास्त झाले तर गुण येत नाही. सुदैवाने (या सुदैवाबद्दल पर्यावरणाचे अभ्यासक आम्हांस क्षमा करोत) पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली आज डोंगरातील पाड्यावरही मिळते. ती स्वच्छ धुऊन माप म्हणून ठेवावी. पुडी नसेल तेव्हा त्याच बाटलीभर पाण्यात चहाचे सपाट सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

शब्दाने घात होण्याचे दुसरे उदाहरण थेट आपल्या शेतीतून देता येईल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास आईच्या दुधावाचून काही देऊ नये आणि त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, हे सर्वत्र सांगितले जाते. नागली घरची आहे, चुन्याचा म्हणजे कॅल्शियमचा अंश तिच्यात इतर तृणधान्यांहून कितीतरी अधिक आहे. म्हणून कार्यकर्ता सांगतो, 'बाळाला नागलीची पेज द्या.' आता पेज म्हटली की ती पातळच असावयाची. आई सांगितल्याबरहुकूम पातळ पेज देते. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आसपासच मावते. ते पाण्याने भरले की बाळ तोंड फिरविते, आई समाधान पावते आणि वजनाचा काटा मात्र हलत नाही. येथे आईने काय चुकीचे केले? ती ऐकून होती, समजून होती आणि आचरणही करीत होती. चूक आमच्या शब्दात होती. याऐवजी चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळून जाणार नाही इतके दाट, असे प्रत्यक्ष चुलीपाशी दाखविले पाहिजे. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर तिची खीर दाट असूनही बाळाच्या घशाखाली सहज उतरते, कारण मोड येताना धान्यातील पिठूळपणा सुटा होऊ लागतो. वर चमचाभर तेल घातले म्हणजे थोडक्या घासात बळ अधिक जाते. हे काम शेतीखात्याच्या कर्मचाऱ्याचे की अंगणवाडी सेविकेचे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. बियाणे, पीक, पीठ आणि घास ही एकच ओळ आहे.

याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात सर्पदंशासंबंधी असाच शोध घेण्यात आला. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने केलेला हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आदिवासी वस्त्यांतील लोकांशी आणि आरोग्यकर्मचाऱ्यांशी बोलून त्यांना सर्पदंशाविषयी काय ठाऊक आहे, काय वाटते व ते काय करतात याची नोंद करण्यात आली. विषारी व बिनविषारी सापांची ओळख लोकांना काही अंशी होती. परंतु चिंचोका किंवा लोहचुंबक लावल्याने विष उतरते, नागदेव राखण करील अशा समजुतीही होत्या, चुकीचे प्रथमोपचार होत होते आणि रुग्णास दवाखान्यात नेण्यास विलंब लागत होता. एवढ्यावर अभ्यास थांबला असता तर 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण उपचार करणाऱ्यांच्या ज्ञानातही उणिवा निघाल्या. अज्ञान टेबलाच्या दोन्ही बाजूंस असू शकते. ते शोधावयाचे तर दोन्ही बाजूंस प्रश्न विचारले पाहिजेत, असा या अभ्यासाचा आम्ही घेतलेला अर्थ आहे.

शेतकऱ्यांसाठी म्हणून येथे मण्यारीविषयी दोन वाक्ये लिहिणे अगत्याचे वाटते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते. पुष्कळदा वेदना होत नाही, खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि शेवटी श्वास बंद पडू लागतो. 'साप दिसला नाही, जखम नाही, तेव्हा सर्पदंश नव्हे' ही समजूत या एका सापामुळे घातक ठरते. दंश झालेल्या माणसास चालवू नये, हातपाय मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा, आवळपट्टी बांधू नये, कापू नये, चोखू नये आणि त्यास उचलून तडक प्रतिविष मिळते तेथे न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. साप मारून बरोबर नेण्यात वेळ दवडू नये. भगताकडे लोक जातात ते केवळ अंधविश्वासाने असेही मानू नये. तो पाड्यावरच असतो, रात्री उठतो आणि आपल्याच बोलीत बोलतो. भगतालाच या कामात सामील करून 'आधी दवाखाना, मग मंत्र' एवढे त्याच्या तोंडून वदवून घेता आले, तर ते दहा सभांच्या तोडीचे होईल.

माहिती माणसाच्या मापाची करून घ्यावी लागते, ह्याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे काम सुरू केले. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याची खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटास ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक. परंतु गावातील सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. कोणी म्हणाले असते की आधी त्यांना शंभरापर्यंत अंक शिकवा. डॉ. बंग यांनी त्याऐवजी एक साधे साधन केले. त्यात एका मिनिटाचे वाळूघड्याळ व मण्यांच्या दोन ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा आणि वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावयाचा. अंक दहाच लागत. पुढे याच जिल्ह्यातील ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. आज साखरशेतची आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या देशव्यापी कार्यक्रमाचे मूळ या प्रयोगात आहे.

आपल्या जिल्ह्यासही अशी परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ह्या विचारातून अंगणवाडी जन्मली. महागडी साधने न आणता पाने, बिया, शिंपले यांवर शिक्षण चालले. १९७०च्या दशकात डहाणू तालुक्यातील कासा येथे डॉ. पी. एम. शाह यांच्या मार्गदर्शनाखाली गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्यांकरवी पाच वर्षांखालील मुलांची वजने घेऊन धोक्यातील मुले हुडकण्याचा प्रकल्प चालला.

आता या विषयातील अवघड भागाकडे वळू. सांगितलेले न केल्यास त्याची कारणे तीन असू शकतात: माहीत नाही, पटत नाही किंवा जमत नाही. आपला सारा प्रचार पहिल्या कारणावर खर्च होतो. पटणे हे बहुधा शेजाऱ्याकडे पाहून होते. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला याचा रायन व ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की बियाण्याची वार्ता शेतकऱ्यांना प्रथम मुख्यतः विक्रेत्यांकडून कळली, पण पेरण्याचा निश्चय झाला तो शेजाऱ्याचे पीक पाहून. शेतीविस्ताराचे काम करणाऱ्यास यात नवल वाटणार नाही.

आणि जमत नाही त्याचे काय? आवणीच्या दिवसांत आई पहाटे जाते, अंधार पडता परतते. बाळास दिवसातून चार-पाच वेळा भरवा, हे तिला तोंडपाठ असेल, परंतु भरविणार कोण? उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. तेथे साबणाने हात धुण्याचे महत्त्व सांगताना आपलीच जीभ अडखळावी. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा इकडील वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. त्या काळात अंगणवाडीचा आहार, लस आणि वजन या तिन्हींत खंड पडतो. या घरांस पुन्हा एकदा तेच व्याख्यान देणे म्हणजे पाण्यावाचून सुकणाऱ्या रोपास खताचे महत्त्व समजावणे होय. जमत नसलेल्या गोष्टीस उपदेश हे औषध नाही. तिला पाळणाघर लागते, पाण्याची सोय लागते, जवळ रोजगार लागतो. कार्यकर्त्याने निदान हे कारण तीनपैकी कोणते हे लिहून वर कळवावे, म्हणजे वरच्यांना तरी ते माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

उपाय गावाने मिळून शोधावेत, या पद्धतीसही आधार आहे. झारखंड व ओडिशातील आदिवासीबहुल जिल्ह्यांत २००५ ते २००८ या काळात स्त्रियांच्या गटांच्या दरमहा बैठका घेण्यात आल्या. व्याख्यान न देता चित्रे, गोष्टी व खेळ यांच्या साहाय्याने बाळंतपणातील अडचणी त्यांनी स्वतः मांडल्या, महत्त्वाच्या निवडल्या व उपाय ठरविले. तीन वर्षांत त्या भागातील नवजात मृत्यू तुलनेच्या भागापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी झाले. परंतु याच धर्तीचा प्रयोग मुंबईच्या झोपडवस्त्यांत केला असता, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असा फरक आढळला नाही. तेथे बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयात होत होती, आणि भाड्याच्या घरांतील माणसे सारखी बदलत असतात. म्हणून एका ठिकाणी यशस्वी झालेली रीत दुसरीकडे तपासल्यावाचून लादू नये. साखरशेतसाठी साखरशेतलाच विचारले पाहिजे.

ते विचारणे फार खर्चाचे नाही. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली घरगुती रीत आहे. आरोग्याच्या कामात तिचेच एक शास्त्रीय रूप वापरतात. कारखान्यातील मालाचा प्रत्येक नग न तपासता थोडे नग काढून पाहण्याच्या पद्धतीवरून ते घेतले आहे. आपल्या कामाच्या टापूतील सर्व घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून १९ घरे निवडावी. एखादी गोष्ट ८० टक्के घरांत पोचावी असे उद्दिष्ट असेल, तर १९ पैकी निदान १३ घरांत ती आढळली पाहिजे. त्याहून कमी आढळल्यास तेथे काम कमी पडले असे धरावे. थोड्या घरांत योगायोगाने पडणारा फरक लक्षात घेऊन १३ हा आकडा ठरविला आहे. मात्र निवड चिठ्ठ्यांनीच झाली पाहिजे. रस्त्यालगतची घरे व नेहमी हसून चहा देणारी घरे घेतली की निष्कर्ष गोड निघतो, आणि ओढ्यापलीकडचा पाडा पुन्हा राहून जातो.

घरी गेल्यावर 'तुम्हांला माहीत आहे ना?' असे कधीही विचारू नये. दारी आलेल्या माणसास कोणी 'नाही' म्हणून दुखवीत नाही. या 'हो'मध्ये ज्ञान थोडे व आतिथ्य फार असते. 'मी नीट सांगितले की नाही हे मला कळावे म्हणून तुम्ही मला एकदा करून दाखवा,' असे म्हणावे. त्यामुळे परीक्षा आपली ठरते, आईची नव्हे. द्रावण करून दाखवावयास सांगावे. खीर किती दाट करता ते विचारावे. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाभोवती मोजपट्टी गुंडाळून आईलाच रंग वाचू द्यावा: ११.५ सेंटिमीटरच्या खाली तांबडा, तेथून १२.५ पर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. नायजर देशात २०१५ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत साध्या मातांनी ही पट्टी आरोग्यकर्मचाऱ्यांच्या तोडीने वापरली होती. बोली अडत असेल तर पाड्यावरचीच एखादी मुलगी सोबत घ्यावी, आणि आजाराचे जे जे स्थानिक नाव कानी पडेल ते जसे उच्चारले तसे लिहून घ्यावे. घरातील गोष्ट चावडीवर सांगू नये, कोणाचेही नाव बैठकीत घेऊ नये, आणि सांगण्यास कोणी नाखूष असेल तर राम राम करून पुढच्या घरी जावे.

वहीत चार रकाने आखावे. पहिल्यात काय सांगितले, दुसऱ्यात परत सांगता किंवा करता आले काय, तिसऱ्यात महिन्याने पाहिले तेव्हा घरी होत होते काय, आणि चौथ्यात होत नसल्यास तीनपैकी कारण कोणते. पहिली फेरी भाद्रपदात घेतली तर दुसरी आश्विनात, नागलीची कापणी चालू असता, उरकता येते. ती दिवाळीपलीकडे ढकलू नये. कामावर निघणाऱ्या घराजवळ मोजपट्टी, लसीचे कार्ड व मापाची बाटली आहे ना ते पाहावे आणि कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार ते विचारून ठेवावे. त्यानंतर ज्या घरांना कुलूप दिसेल त्यांच्या ओळी कोऱ्या न ठेवता तेथे 'स्थलांतर' असे लिहून महिना टाकावा. कारण पाऊस लागण्यापूर्वी ती माणसे परतली म्हणजे पहिली भेट त्याच घरांची घ्यावयाची आहे.